भिवईवरची सात भोके

कुडवळच्या चितारआळीत शिरले की पहिल्याच ओसरीवर बाईसाहेब भेटतात. हिरवा शालू, नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ, मांडीवर दुमडलेले हात. दुसऱ्या ओसरीवर पुन्हा त्याच, तिसऱ्याही. संस्थानच्या गुणवंताबाई राणीसाहेबांच्या चित्राच्या नकला इथले चितारी पिढ्यानपिढ्या हाताने रंगवत आले आहेत. राजवाड्यातले मूळ चित्र पाहून आलेला एखादा चौकस पाहुणा हमखास विचारतो, "तिथे भिवई अखंड आहे. तुमच्या सगळ्या चित्रांत डाव्या भिवईला ही खाप कशी?"

मग आळीतले म्हातारे बाबी चितारी कुंचला बाजूला ठेवतात. "चूक नाही ती. बसा," म्हणतात, आणि सांगू लागतात.

राणीसाहेब गोषात असत. परपुरुषाच्या नजरेला चेहरा पडायचा नाही, आणि चित्र तर हवे. तेव्हा दरबारचे चितारी भार्गवमामा यांनी आपली भाची येसू हिला राणीसाहेबांच्या शालूत, दागिन्यांत बसवले. चेहऱ्याची ठेवण सारखी आहे, असे दासींनीच सांगितले होते म्हणे. येसू मामाच्या घरीच बारा दिवस बसली. रोज दुपारी राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून तिच्यासाठी चांदीच्या वाटीत खीर येई. संध्याकाळी दासी स्वतः तिच्या नाकातली नथ काढून घेऊन जाई.

चित्र झाले आणि तेराव्या दिवशी येसूला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तिच्या पाठचा भाऊ धाकू. आईबाप लहानपणीच गेलेले, दोघे मामाकडे वाढलेली. धाकूला स्वतःचे नाव तेवढे लिहिता येई. बाकी सगळा राग आणि सगळी माया. बहिणीला पोचवून तो घरी आला, तर दारात राजवाड्याचा माणूस उभा. तो समाचाराला आला नव्हता. खिरीची शेवटची वाटी न्यायला आला होता.

"घासून देतो," धाकू म्हणाला.

"नको. तशीच दे."

ते शब्द धाकूच्या डोक्यातून गेले नाहीत. चार दिवसांनी कारभाऱ्यांनी जाहीर केले, की राणीसाहेबांची नथ नाहीशी झाली आहे आणि ती येसूनेच लांबवली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा घाटावर कोणीतरी बोलले, "नथीत जीव अडकलाय पोरीचा." धाकू त्याच्या अंगावर धावून गेला. चौघांनी धरला म्हणून बरे.

त्या दिवसापासून त्याला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. राणीसाहेबांच्या जागी चितारणीचे तोंड रंगवले, हे बाहेर फुटू नये म्हणून खिरीत काही घालून तिला संपवली असेल. दासी सामील असेल. मामाही.

"मामा, खीर तुमच्यासमोर यायची. तुम्ही कधी चाखली नाहीत ती?"

"तिच्यासाठी यायची. गप बस."

"चाखली का नाहीत?"

मामा पाठ फिरवून कुंचले धुऊ लागला. धाकूने त्याच्या घरचे पाणी पिणे सोडले.

अशातच हुकूम आला, की चित्राच्या पाच नकला करून नातेवाइकांच्या संस्थानांत पाठवायच्या. नकलेसाठी आधी खाका करतात, म्हणजे मूळ चित्राच्या रेषा कागदावर उतरवून त्यांवर सुईने भोके पाडतात. कोऱ्या फळीवर तो कागद ठेवून कोळशाची पूड थोपटली की भोकांतून आकृती उमटते. भोके पाडण्याचे काम धाकूचे. नाक झाले, ओठ झाले. सुई डाव्या भिवईवर आली आणि थांबली. लहानपणी त्याने रागाने फेकलेला भोवरा येसूच्या त्याच भिवईला लागला होता. खाप कायमची राहिली होती. राणीसाहेबांना ती नव्हती, म्हणून मामाने चित्रात भरून काढली होती.

धाकूने मागचा पुढचा विचार केला नाही. भिवईवर आडवी सात भोके पाडली.

पूड थोपटल्यावर मामाला ती रेघ दिसली. त्याने पुसायला बोट उचलले, जरा वेळ तसेच धरले आणि खाली घेतले. पाचही चित्रांत त्याने खाप रंगवली, असे सांगतात.

दोन महिन्यांत राणीसाहेबांच्या माहेराहून निरोप आला : ही आमची मुलगी नव्हे. धाकूला राणीसाहेबांच्या पडद्यासमोर उभे केले.

"खाका कोणी बिघडवला?" कारभाऱ्यांनी विचारले.

"मी. पण बिघडवला नाही. ती माझी ताई आहे."

"जीभ आवर."

"तुम्ही तिला चोर म्हणता ना? मग पाच राजवाड्यांत चोर टांगलीत तुम्ही, आणि माणसे तिला मुजरा करतात. एक तर चित्रे उतरवा, नाही तर तिला चोर म्हणालात ते मागे घ्या."

पडद्याआड बांगड्या वाजल्या. एक गोरा हात बाहेर आला. तळव्यावर नथ होती.

"शालूच्या घडीत सापडली," आतून आवाज आला. "मुलगी निर्दोष आहे, अशी दवंडी द्या."

नथ रोज दासी काढून नेत असे. ती शालूच्या घडीत जाईल कशी? धाकूला ते कळत होते. त्याने नथीकडे पाहिलेही नाही.

"आणि खीर?"

हात आत गेला. तोच आवाज म्हणाला, "ती खाप राहू द्या."

दवंडी झाली. धाकूने घाटावर पुन्हा पान ठेवले आणि कावळा शिवला, असे सांगतात. बाबी चितारींच्या घरात मात्र म्हणतात, की कावळा आलाच नाही. वाट पाहून धाकूने शेवटी दर्भाचाच कावळा करून पिंडाला शिववला.

आजही खाका टोचताना भिवई आली की चितारी आडवी सात भोके पाडतात. खाका जीर्ण झाला की नवा उतरवायला बाबी राजवाड्यातल्या मूळ चित्रासमोर जाऊन बसतात. तिथली मंडळी चांगली आहेत, आदराने चहा पाठवतात. बाबी हात जोडून म्हणतात, "ठेवा, घेतो." चहावर साय धरते. घरून आणलेल्या तांब्यातले पाणी पिऊन ते काम संपवतात, आणि भरलेला कप तसाच परत जातो.