कवडी आणि बादली

गावात नुकती वीज आली होती, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा दिवे बोलत, आणि कोंबड्या काय, बोलतच असतात.

तानूबाईची कवडी नावाची कोंबडी खुडूक बसली. खाली अंडं नाही, तरी खुराड्यातली टोपली सोडेना. तानूबाईने पिल्लं विकत आणली होती आणि त्यांच्या उबेसाठी खुराड्यात मोठा बल्ब लावला होता. मग खुडूक कोंबडीचं काय काम? ती रोज सकाळी कवडीला गार पाण्याच्या बादलीत बुचकळायची, म्हणजे खुडूक मोडेल आणि ती पुन्हा अंडी देईल. कवडी भिजून यायची आणि टोपलीतच बसायची.

"मी दाणे टिपायलाही उठत नाही," बल्ब म्हणायचा. "माझ्याइतकी ऊब जमेल तुला?"

"नाही बाबा," कवडी म्हणायची. खोटं कशाला बोला?

एका कडाक्याच्या थंडीच्या सकाळी वीज गेली. पिल्लं विझलेल्या बल्बखालीच गोळा होऊन थरथरत ओरडू लागली. कवडीने पंख पसरले आणि हळूच साद घातली. आधी एक आलं, मग सगळी तिच्या पोटाखाली शिरली.

थोड्या वेळाने बल्ब पेटला. एकही पिल्लू हललं नाही.

"ऊब तर माझीच जास्त ना?" त्याने विचारलं.

"तुझीच. पण तू त्यांना कधी हाक मारलीस?"

तेवढ्यात तानूबाई बादली घेऊन आली. कवडीच्या पंखांतून डोकावणाऱ्या चोची तिला दिसल्या. मग तिने पिल्लांचं पाणी प्यायचं परळ धुतलं आणि बादलीतलं पाणी त्यात ओतलं.