झुळुकेची ओटी

एका राज्यात राजा दरसाल नवी पेठ वसवी, आणि राणी कनकलेखा दररोज मनात जळे. तिला सवत होती, पण त्या सवतीला देह नव्हता. ती होती पश्चिमेच्या खिंडीतून येणारी झुळूक. संध्याकाळी राजा उदयकेतू गच्चीवर जाई, अंगरख्याचे बंद सोडी आणि डोळे मिटून हसे. राणीकडे पाहून तो तसे कधी हसला नव्हता.

राणीने करालनाथ मांत्रिकाला गाठले. त्याने झुळुकेला तीन गाठींत बांधले. एक खिंडीतल्या काटेवेलीला, दुसरी एका साळुंकीच्या गळ्यात, तिसरी राणीच्याच पदराला.

राणी सुखावली. पण शहर वाढत होते. वीटभट्ट्या धुमसत होत्या, चुन्याच्या घाण्या फिरत होत्या, रथांखाली रस्त्यांचा भुगा होत होता. ती सारी धूळ आजवर झुळूकच वाहून नेई, हे कुणाच्या ध्यानी आले नव्हते. आता धूळ वर चढली आणि तिथेच राहिली. भर दुपारी दिवे लागले. पिठाहून बारीक धूळ राजाच्या छातीत उतरली, आणि वैद्यांनी आशा सोडली.

राणी पुन्हा मांत्रिकाकडे धावली. तो म्हणाला, "बांधणे माझे होते. सोडणे तुझे."

काटेवेलीची गाठ तिने दातांनी सोडवली. साळुंकीने तिला आधी दारोदार फिरवून घराघरातला खोकला ऐकवला, मगच गळा पुढे केला. पदराची गाठ मात्र सुटेना.

"बाईसाहेब, सवतीची ओटी भरा," साळुंकी म्हणाली. "आणि खोटे बोलू नका. तिची वेणी ओढता येत नाही म्हणून तर एवढा राग तुमचा."

खण, नारळ, तांदूळ घेऊन राणी गच्चीवर उभी राहिली. "ये बहिणी, माझ्या मनात काही नाही," ती म्हणाली. गाठ आणखी आवळली. खालच्या महालात राजाला धाप लागली होती.

"मला तुझा हेवा वाटतो," राणी म्हणाली. "उद्याही वाटेल. तरी ये. त्यांना श्वास हवा आहे."

गाठ सुटली. ओंजळीतले तांदूळ उडाले, आभाळ निवळले, आणि राजाने उठून पाणी मागितले.

दुसऱ्या सकाळी राणीने भट्ट्या नदीपार हलवल्या आणि रस्त्यांवर सडा घालण्याचा हुकूम दिला. प्रजेने तिला दुवा दिला. राणीच्या मनात एवढेच होते, की सवतीला झाडायला काही उरूच नये.