पंखाचा नवा रंग

माणसं अंगणात विमानं बांधू लागली, तेव्हाची ही गोष्ट. शरयूकाकूंच्या विमानात एक म्हातारी मोटर होती. काकूंनी विमान वळवायचा दांडा सोडला, की ऑटोपायलटच्या हुकमाने पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी हलवायची आणि विमान सरळ ठेवायचं, हे तिचं काम.

एकदा काकूंनी विमानाला हौसेने लालभडक रंग दिला. त्यानंतर विमान उडताना डुलायला लागलं.

"म्हातारीचे हात थरथरतात, काढा तिला!" पंख तोऱ्यात म्हणाला.

मोटर पट्टी ओढतच राहिली. सगळा जोर लावूनही पट्टी हलायची नाही, मग एकदम झटक्याने सुटायची. आपलंच वय झालं असेल, असं तिला वाटलं.

काकूंनी मोटर पट्टीपासून सोडवून एकटीच चालवून पाहिली. ती लोण्यासारखी फिरली! मग त्यांनी पट्टी हाताने हलवली, तर ती अडकली. बिजागरीत लाल रंग वाळून घट्ट बसला होता.

"अगं बाई, हा तर माझाच पराक्रम!" काकू खो खो हसल्या आणि रंग खरवडायला बसल्या.

संध्याकाळी विमान रेघ मारल्यासारखं सरळ उडालं. काकूंनी दांडा सोडून खुशाल चहा ओतला.

पंख ओशाळून म्हणाला, "आजी, इतके दिवस ओढत होतीस, तर बोलली का नाहीस?"

"अरे," मोटर हसली, "बोलायला दम कुठे उरत होता?"