खडपाचं धाकटं नाक

आंबरखाडीच्या तोंडाशी समुद्रात शिरलेलं एक काळं खडप आहे. त्याला तीन भोकं आहेत आणि गावात त्यांना नाकं म्हणतात. भरती चढू लागली की थोरल्या नाकातून धाडकन पाणी उडतं, मधल्यातून फुस्स करून तुषार येतात. धाकटं नाक जेमतेम मुठीएवढं. त्यातून पाणी कधीच येत नाही, नुसता उसासा येतो, आणि तोही कान लावला तरच. खाली पोकळी असेल, लाटेने हवा दाबली जात असेल, असं पाहुणे म्हणतात. गावातली म्हातारी माणसं ते ऐकून घेतात, पाहुण्यांना खडपावर बसवतात आणि धाकू तांडेलाची गोष्ट सांगतात.

तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. धाकूच्या हाताला यश होतं, पण मन संशयाने पोखरलेलं. मासळी कमी भरली की त्याला तराजूचा संशय, आमटी खारट झाली की बायकोचा. वारा पडला तरी तो कुणीतरी मुद्दाम पाडलाय असं त्याला वाटायचं म्हणे.

त्या काळी गाव समुद्रातले दोनच जीव देवाचे मानी. एक देवमासा आणि दुसरा गादा, ज्याला शहरातले लोक डॉल्फिन म्हणतात. ते दिसले की होडीतली माणसं हात जोडत. तिसरा होता भुलगा. काळसर, बुटका, गोल डोक्याचा. पाठीवर पर नाही, उडी नाही, फवारा नाही. गुपचूप वर यायचा, गुपचूप खाली जायचा. असा तोंड लपवणारा चोरच असणार, हे गावाने ठरवून टाकलं होतं. मासळी घटली की नाव भुलग्याचं. जाळ्यात मेलेला निघाला तर म्हणत, बरं झालं.

धाकूची बायको येसू खाडीच्या वरच्या अंगाची. तिच्या बापाने तिला समुद्र कानांनी ओळखायला शिकवला होता, असं सांगतात. सरळ उंच फवाऱ्याचा देवमासा वेगळा आणि तिरका फवारा सोडत ओंडक्यासारखा पडून राहणारा वेगळा. पाठीला कुबड असलेला काठाचा गादा वेगळा, दूरच्या पाण्यात गिरक्या घेत उडणारा वेगळा. कितीतरी जाती, आणि तिला प्रत्येकाचा श्वास पाठ. भुलग्याचा श्वास झोपलेल्या तान्ह्यासारखा असतो, असं ती म्हणायची. धाकूला तेही खटकायचं. बाईमाणसाला हे सगळं कळतं कसं?

एका वर्षी धाकूचं खडपाखालचं जाळं वरचेवर फाटू लागलं. फाटणं नव्हतंच ते, पातं लावून कापलेलं होतं. धाकूचा संशय रावजीवर गेला. रावजीचं जाळं शेजारीच होतं आणि जागेवरून दोघांचं वाजलेलंही होतं. त्यातच धाकूच्या लक्षात आलं की येसू पहाटे कालवं काढायला म्हणून जाते, आणि येते तेव्हा टोपलीत कालवं थोडी नि लुगडं मात्र कमरेपर्यंत भिजलेलं. दोन संशय एकमेकांना भेटले. येसूला त्याने एका शब्दाने विचारलं नाही. थेट गावकी बोलावली.

गावकी खडपावरच बसली. रावजीला वाळीत टाकायचं ठरत आलं. त्याच्या होडीवर कुणी चढायचं नाही, त्याच्या मयताला कुणी खांदा द्यायचा नाही. रावजी रडकुंडीला आला. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून येसू पुढे आली.

"जाळा मी कापलंय," ती म्हणाली. "भुलगो अडाकलो होतो. तो मासो न्हय. आपल्यासारखो श्वास घेता. जाळ्यात रवलो तर बुडान मरता."

गावकी खदाखदा हसली. "मासो पाण्यात बुडता, असा कोणी आयाकला हा?"

धाकू हसला नाही. रावजीला वाचवायला ही स्वतःवर आळ घेतेय, म्हणजे आपला संशय खराच, असं त्याला वाटलं.

त्याच वेळी खालचं जाळं हलू लागलं. एक भुलगा आत सापडला होता. गावकीच्या मानकऱ्याने तिथल्या तिथे कौल दिला. तळच्या दगडाखालून घेतलेल्या दोराने जाळं खाली ओढून धरायचं. भुलगा मेला तर येसू खरी आणि रावजी सुटला. जगला तर दोघांनाही गाव बंद. दोर धाकूने हातात घेतला.

येसू पाहत राहिली. खरं ठरायचं तर त्या जीवाने मरायला हवं होतं, आणि त्याला वाचवावं तर रावजी बुडत होता. जाळ्याबाहेर दुसरा भुलगा घिरट्या घालत होता. येसूने कालवं काढायची कोयती कमरेला खोचली आणि उडी घेतली.

थोड्या वेळाने पाणी दुभंगलं. भुलगा वर आला आणि त्याने असा मोठ्याने श्वास ओढला की सगळ्या खडपाने ऐकला. बुडता बुडता वाचलेला माणूस ओढतो, तसा. मानकऱ्याची मान खाली गेली. रावजीने हात जोडले.

धाकूच्या हातातला दोर मात्र अजून हिसके देत होता.

"तांडेला, वर घे!" रावजी ओरडला.

"फसवता माका," धाकू म्हणाला. रावजी घाई करतोय म्हणजे यात काही तरी डाव आहे, असं त्याच्या मनात आलं. त्याने दोर तसाच ताणून धरला. हिसके थांबले, तेव्हा त्याने जाळं ओढलं.

येसूचा पाय जाळ्यात गुरफटला होता. कोयती मुठीत तशीच होती. धाकूने तिच्या नाकाशी कान नेला, पुन्हा पुन्हा नेला. काही ऐकू येईना. मग म्हणे त्याच्या गुडघ्यापाशी खडपाने उसासा टाकला. जिथे कालपर्यंत सलग दगड होता, तिथे मुठीएवढं भोक होतं. येसूला पहिला खांदा रावजीने दिला. धाकूला तिथून उठवणं कुणालाच जमलं नाही. उरलेलं आयुष्य तो त्या भोकाला कान लावून पडून राहिला.

आजही आंबरखाडीत जाळं लावून कुणी घरी जात नाही, एक माणूस खडपावर बसतोच. भुलगा अडकला तर जाळं कापतात, आणि कुणी कापलं हे कुणी विचारत नाही. नारळी पुनवेला सगळा गाव खडपावर जमतो, पण ढोल वाजत नाही, पोरंसुद्धा गप्प असतात. गावचा तांडेल आडवा होतो आणि धाकट्या नाकाला कान लावतो. कधी कधी फार वेळ जातो. नारळ हातातच राहतात, माणसं एकमेकांकडे बघू लागतात. मग उसासा कानावर आला की तांडेल मान वर करतो आणि एकच शब्द बोलतो.

"आसा."

पहिला नारळ तिथे ठेवतात.