काळी मेंढी आणि थांबलेला माग

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट, शपथेवर खरी. म्हणजे तशी परवाचीच आहे, आणि मी काही तिथे नव्हतो.

भुजाप्पा सणगर घोंगड्या विणायचा. परदेशातून मऊ, स्वस्त ब्लँकेटं आली, तसा त्याचा माग थांबला आणि तो शहरात वॉचमन झाला. तरी त्याची काळी मेंढी अंगावरची वाढलेली लोकर घेऊन रोज मागासमोर येऊन उभी राही.

“काय गं, अजून वाट बघतेस?” मागाने विचारलं.

“छे, सुताला लावायच्या चिंचोक्याच्या खळीचा वास येतोय का, ते बघायला आले.”

“मला तर तो आता स्वप्नातच येतो, बाई.”

एका सकाळी भुजाप्पा परतला. त्याने सुतासाठी खळ शिजत ठेवली आणि मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला.

मेंढी बोलली, माग बोलला, ते सगळं खरं. भुजाप्पा परतला, एवढंच माझ्या पदरचं.