सौमित्रचा पिंड

“आणि कावळा शिवलाच नाही तर?” सौमित्रने विचारलं.

निरामयस्वामींनी नदीकडे पाहिलं. “तर दीक्षा नाही.”

संन्यास घ्यायचा तर आधी स्वतःच्या हाताने स्वतःचा पिंड घाटावर ठेवायचा आणि त्याला कावळा शिवेपर्यंत थांबायचं, ही स्वामींच्या मठाची रीत. गेलेल्याची इच्छा अडकली असेल तर कावळा शिवत नाही, हे सौमित्रलाही ठाऊक होतं. पण आपलं काही अडकलेलं नाही, याची त्याला खात्री होती. नोकरी सोडली होती, खोली सोडली होती, आईची समजूत काढून झाली होती. मुंडनही छान झालं होतं. पाण्यात वाकून त्याने ते पाहून घेतलं होतं.

कावळे आले.

आले म्हणजे, पिंपळ काळा झाला. पण एकही ओरडेना. एकही खाली उतरेना. पिंडाकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे मान वाकडी करून, एका डोळ्याने, सौमित्रकडे बघत होते.

त्याच्या अंगावर काटा आला. आणि त्या काट्याखाली, अगदी आत, जरा बरंही वाटलं. एवढे सगळे... आपल्याकडे.

ऊन चढलं. भात वाळू लागला.

मग त्याने हात जोडून एकेक कबूल करायला सुरुवात केली. आईला भाऊ सांभाळेल. धाकटीचं लग्न वेळेवर होईल. पुस्तकं वाचनालयात जातील. मेलेला तोच आणि मागे उरलेलाही तोच, त्यामुळे मागणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं छान जमत होतं. पिंपळावर मात्र पंख हलला नाही.

“स्वामी, अडलं की दर्भाचा कावळा करून शिववतात ना?”

“गवताच्या कावळ्याला भूक नसते.”

...

“काय राहिलंय?” स्वामींनी विचारलं.

सौमित्रने झोळी जवळ ओढली. मग हळूहळू सांगू लागला. केस उतरवण्याआधी त्याने फेसबुकवर निरोप लिहिला होता. नाव, घर, देह, सगळं नदीला देऊन निघालो; चुकलंमाकलं माफ करा. सोबत एक जुना कृष्णधवल फोटो. मग फोन बंद करून झोळीच्या तळाशी घातला. तो नदीत टाकायचा तेवढा राहून गेला. आणि... लोक काय म्हणाले, एवढं एकदा कळलं असतं तर.

“मग बघ की,” स्वामी म्हणाले. रागावले नाहीत.

फोन चालू झाला आणि हातात थरथरू लागला. थांबेचना.

भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. विश्वास बसत नाही. कालच बोलणं झालं होतं, असं लिहिणाऱ्यांत त्याच्याशी कधीच न बोललेलेही होते. ज्या मामेभावाने त्याच्या कशावरही कधी अंगठा उमटवला नव्हता, त्याने लांबलचक आठवण लिहिली होती. आईने काही लिहिलं नव्हतं. तिचे नुसते फोन येऊन गेले होते, एकामागून एक.

“हे लोक मला मेलेला समजतायत,” सौमित्र म्हणाला. ओठांवर हसू होतं.

“जिवंत आहे म्हणून लिही.”

त्याने लिहायला घेतलं. मी आ... एवढं झालं, तोच आणखी नवे संदेश आले. शाळेतल्या बाईंनी लिहिलं होतं, असा विद्यार्थी पुन्हा होणे नाही.

अंगठा थांबला.

“लिही. तिकडे तुझी आई आहे.”

“लिहितो, स्वामी. फक्त...” त्याची नजर फोनवरून हलली नाही. “अजून थोडे येऊ देत.”

लिहिलेली अक्षरं त्याने पुसून टाकली.

पिंपळावरून एक कावळा सुटला. सरळ खाली आला, पिंडाला चोच लावली, घास उचलला आणि गेला. त्याच्या मागे सगळे उडाले. पिंपळ हिरवा झाला.

सौमित्र धडपडत उठला. “स्वामी, शिवला. पाहिलंत ना? आता दीक्षा...”

स्वामी पाण्यात उतरले होते. स्मशानातून आल्यावर घेतात तशी त्यांनी नेसत्या वस्त्रानिशी बुडी घेतली. वर आले, तोंडावरचं पाणी निपटलं, आणि सौमित्र उभा होता तिकडे पाहिलं... त्याच्या आरपार, मागच्या पायऱ्यांकडे.

“कोण बोललं?”