गडग्यातली वाट

एकच काळजी मला झोपू देत नव्हती. आमच्या परसातल्या गडग्याला, म्हणजे जांभ्या दगडांच्या कुंपणाला, तळाशी वीतभर भोक आहे, आणि माझी साडेचार वर्षांची रेवा त्याच्याच शेजारी भातुकली मांडते. वाडीतल्या प्रत्येक गडग्याला असं भोक आहे. सापांना जा-ये करायला मुद्दाम सोडलेलं. मी फोनवर फोटो बघबघून धामण कुठली, नाग कुठला, घोणस कुठली हे पाठ केलं होतं. पण समोर साप आला की मला फक्त 'साप' एवढंच ओळखू येतं.

शेवटी सिमेंट मागवलं. गवंडी आला, चहा प्यायला, आणि म्हणाला, "वहिनी, तेवढं सोडून काय ते सांगा." नवऱ्याने मला द्वारकाआतेकडे धाडलं. ही त्याची आते. तिला प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही, गोष्ट मिळते.

फार पूर्वी, म्हणे, याच घरात भागीरथी नावाची सून होती. नवरा गलबतावर, पदरी तान्हं मूल. एकदा तिने परसात लांबलचक धामण पाहिली, नाग समजून ठेचली, आणि भीतीने गडग्याची फट न् फट बुजवली. धामण गेली तशी उंदरांना मोकळं रान मिळालं. त्यांनी कणगीतलं बियाण्याचं भात फस्त केलं. उंदरांच्या मागावर घोणस आली. परसातून वाट नव्हती, म्हणून ती दारातून आली आणि थेट पाळण्याखाली वेटोळं घालून बसली.

भागीरथीने काठी उचलली, पण मारावं तर घाव पाळण्यावर. तिने काठी खाली ठेवली. असं सांगतात की ती म्हणाली, "माझ्या पोराला सोड. तुझी वाट माझ्या वंशात कुणी बुजवणार नाही." मग परसात जाऊन तिने नुसत्या हातांनी दगड उपसले. नखं निघाली, पण ती थांबली नाही. तेव्हा घोणस उंबऱ्यावरून उतरली, भागीरथीच्या पावलाला घासून त्या वाटेने निघून गेली. तिथले दगड तिच्या रक्ताने लाल आहेत, म्हणे. जांभा मुळातच लाल असतो, हे मी आतेला म्हटलं नाही.

"पण आते, आणि रेवाला चावला तर?" मी विचारलं.

"तुला वाट बुजवायची आहे की भीती?" आते म्हणाली आणि तांदूळ निवडत बसली.

मला चीड आली. या घरात सरळ बोलायची कुणाला सवयच नाही. आजही वाडीत नवा गडगा घालताना आधी ती वाट आखतात, मग पहिला दगड ठेवतात. आमची सिमेंटची गोणी दमट हवेने पडवीतच दगड झाली.

निदान पोरीला तरी शहाणं करावं, म्हणून मी रेवाला समोर बसवलं. साप दिसला तर जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही, हलायचं नाही, तो गेला की लगेच आईला हाक मारायची. सगळं दोनदा सांगितलं आणि विचारलं, "साप दिसला तर काय करशील?"

रेवा म्हणाली, "काल दिसला ना. पिवळा होता, लांब. मी हललेच नाही, तो गेला. तू किंचाळतेस म्हणून तुला हाक नाही मारली."